तापलेल्या यंत्रांचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांनी आम्हांला उष्णतेचा पहिला धडा पुस्तकातून शिकविला नाही. चैत्र सरत आला होता, शाळा सकाळची झाली होती. प्रयोगशाळेतला एकुलता एक तापमापक खिशात घालून ते आम्हां पंधरा-वीस मुलांना आपल्या गावच्या बावलीवर घेऊन गेले. वरच्या पायरीवर त्यांनी पारा दाखविला. मग काही पायऱ्या उतरून खांबांच्या ओसरीत. आणि शेवटी पाण्यालगतच्या दगडावर. प्रत्येक ठिकाणी पारा खाली उतरलेला होता. "उष्णता गेली कोठे?" असा प्रश्न त्यांनी विचारला आणि उत्तर न देताच आम्हांला परत वर्गात आणून बसविले. पुढे माझे आयुष्य संगणकांच्या सहवासात गेले. मागे वळून पाहताना असे वाटते की, त्या यंत्रांच्या इतिहासातही फिरून फिरून हाच प्रश्न विचारला गेला आहे.

आजच्या व्याख्यानासाठी 'तापलेली यंत्रे' असा काहीसा चमत्कारिक विषय मी का निवडला, याचे एक घरगुती कारण आहे. माझ्या बहिणीची नात बारावीला उत्तम गुण मिळवून उत्तीर्ण झाली. मध्य प्रदेश शासन अशा विद्यार्थ्यांना लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देते. त्यात घरच्यांनी थोडी भर घालून यंत्र घेतले. पहिला उन्हाळा कसाबसा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात ते यंत्र दुपारी रडू लागले. पंखा घरघरे, अक्षरे उमटायला वेळ लागे, आणि एके दिवशी महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज अर्धा भरून झालेला असताना ते एकाएकी बंद पडले. त्या दिवशी अर्जाची मुदत संपत होती. शेजारच्या शहरातील एका दुरुस्तीवाल्याने ते उघडूनही न पाहता 'बोर्ड गेला' असा निकाल दिला आणि यंत्राच्या निम्म्या किमतीएवढा खर्च सांगितला. शेतकऱ्याच्या घरात अशी वस्तू एकदाच येते. मुलीची समजूत अशी झाली की, आपल्याच हातून काही तरी चुकले. तिचे काही चुकले नव्हते. चूक कोणाची होती हे सांगायचे, तर पाऊणशे वर्षांहून अधिक मागे जावे लागेल.

आरंभीच एक शास्त्रीय सत्य मान्य करून घेऊ. संगणकात जाणारी जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णताच होऊन बाहेर पडते. गिरणीत वीज गेली तर पीठ तरी हाती येते. संगणकाने केलेल्या बेरजेला वजन नाही की उंची नाही. अर्थात बेरीज कितीही महत्त्वाची असो, यंत्राच्या दृष्टीने तो एक छोटासा शेगडीचाच प्रकार होय.

पहिल्या पिढीतील यंत्रकारांना हे कोणी सांगावे लागले नाही. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेला आणि १९४६ च्या फेब्रुवारीत जगापुढे आलेला 'एनिअ‍ॅक' हा संगणक सुमारे १८,००० निर्वात नळ्यांचा होता. जुन्या रेडिओत जशा तांबूस उजेडाच्या नळ्या असत तशाच या. त्यांचे काम चालायचे तर आतील तार तापलेलीच असावी लागे. सुमारे दीडशे किलोवॅट वीज हे यंत्र खात असे. त्यामुळे उष्णता बाहेर ढकलण्यासाठी मोठे पंखे बसवावे लागले, आणि प्रत्येक कपाटात एक तापनियंत्रक ठेवला गेला. कपाटातील तापमान ११५ अंश फॅरनहाइटवर गेले की यंत्र आपोआप बंद व्हावे, अशी ती योजना होती. ११५ अंश फॅरनहाइट म्हणजे आपले सुमारे ४६ अंश सेल्सियस. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा मला हसू आले. बालाघाट, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर या टापूत मे महिन्यात सावलीतला पारा त्याच्या अगदी जवळ जाऊन पोहोचतो. ज्या तापमानाला यंत्राने शरण यावे असे फिलाडेल्फियातील अभियंत्यांनी ठरविले, त्या तापमानात आपल्याकडे माणसे तेंदूपत्ता तोडतात.

भारतात हा इतिहास मुंबईत आला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुणांनी १९५६ मध्ये एक प्रायोगिक यंत्र उभे केले आणि १९६० मध्ये पूर्ण आकाराचा संगणक चालू केला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले, आणि त्यानंतरही तो काम करीत राहिला. परदेशातून आयते यंत्र न मागविता ते येथे घडविले, याचे श्रेय आपण या मंडळींना देतो ते योग्यच आहे. पण नळ्यांची ती भट्टी मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षे चालती ठेवली, हेही श्रेय त्यांना द्यावयास हवे. इतिहासात शोध लावणाऱ्याची नोंद होते, यंत्र चालते ठेवणाऱ्याची सहसा होत नाही.

नळ्या जाऊन ट्रान्झिस्टर आले, ट्रान्झिस्टर जाऊन सिलिकॉनच्या चकत्या आल्या, आणि आता उष्णतेचा प्रश्न सुटला असे लोकांना वाटले. तो सुटला नाही. तो लहान जागेत कोंडला गेला. १९७६ चा 'क्रे-१' हा महासंगणक फ्रिऑन वायूच्या शीतकरणावर चालत असे, आणि त्याच्या पुढचा, १९८५ चा 'क्रे-२', तर विद्युत् न वाहणाऱ्या एका द्रवात अक्षरशः बुडवून ठेवलेला होता. भारताला हवामानाच्या अंदाजासाठी क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. अमेरिकेने मागितलेले यंत्र न देता त्याहून कमी शक्तीचे दिले आणि तेही अनेक अटी घालून. त्यातूनच १९८८ मध्ये पुण्यास 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे, आणि अभियांत्रिकीचे त्यांचे पहिले शिक्षण नागपूरचे; म्हणजे उन्हाळा म्हणजे काय हे ज्यांना वेगळे सांगावयास नको असे गृहस्थ. १९९१ मध्ये तयार झालेल्या 'परम ८०००' मध्ये एकच अतिवेगवान मेंदू न ठेवता अनेक साधे प्रोसेसर एकत्र जोडून त्यांच्यात काम वाटून दिले होते. ही निवड प्रामुख्याने वेग, खर्च आणि उपलब्धता यांसाठी झाली हे खरे. तथापि एका बैलावर सगळा भार न घालता औताला चार बैल जोडण्याची ही रीत पुढे उष्णतेच्या प्रश्नावरही उत्तर म्हणून साऱ्या जगाला स्वीकारावी लागली. त्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

याच काळात संगणक आपल्या शाळा-महाविद्यालयांतही शिरले. माझ्या पिढीतील श्रोत्यांना ती दृश्ये आठवत असतील. इमारत कितीही पडकी असो, संगणकाची खोली मात्र वातानुकूलित. खिडक्यांना जाड पडदे. दाराशी चपलांची रांग. आत जाताना देवघरात शिरावे तसे पाय पुसून शिरायचे. प्राचार्यांच्या खोलीतही नसलेले वातानुकूलन यंत्र त्या एका खोलीत असल्यामुळे मे महिन्यात कित्येक प्राध्यापकांना संगणकशास्त्राची अचानक गोडी लागल्याचे मी पाहिले आहे. या सोवळ्याची आम्ही थट्टा करीत असू; पण त्यात शहाणपण होते. धूळ आणि उष्णता हे दोन शत्रू दाराबाहेर थांबावेत, इतकाच त्याचा अर्थ. पुढे लॅपटॉप आला आणि यंत्र त्या देवघरातून उठून ओसरीवर, बाजेवर, एस.टी.च्या बाकावर आले. देवघराचे संरक्षण गेले, आणि त्याच्या जागी दुसरे काय द्यावयाचे याचा विचार फार थोड्यांनी केला.

काहींनी मात्र केला. १९८२ मध्ये 'ग्रिड कंपास' नावाचा एक घडीचा संगणक बाजारात आला. आजच्या लॅपटॉपचे रूप त्यात प्रथम दिसते. बिल मॉग्रिज या रचनाकाराने त्याचे कवच मॅग्नेशियम धातूचे केले. कवच मजबूत व्हावे हा हेतू होताच, पण आतील उष्णता साऱ्या कवचावर पसरून हवेत निघून जावी, म्हणजे पंख्याचे काम पडू नये, हाही होता. यंत्राचे अंगच त्याची खिडकी झाले. हे यंत्र १९८३ मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानातूनही गेले, आणि तेथे एक मौजेची अडचण उभी राहिली. पृथ्वीवर तापलेली हवा हलकी होऊन वर जाते व तिच्या जागी थंड हवा येते. अवकाशात वजनच नसल्यामुळे हलके-जड हा भेद उरत नाही. तापलेली हवा आहे तेथेच यंत्राला बिलगून बसते. म्हणून ज्या यंत्राला पंखा नको म्हणून एवढा खटाटोप केला, त्याला अवकाशात पाठविताना पंखा बसवावा लागला. आपल्या बाजेवरच्या गोधडीत रुतलेल्या लॅपटॉपची अवस्था त्या अवकाशयात्रीपेक्षा फारशी वेगळी नसते. हवेला वाट नाही, म्हणजे हवा नाही.

दुसरी कथा आपल्या शाळांशी अधिक जवळची आहे. केंद्र शासनाने १९८४-८५ च्या सुमारास देशातील सुमारे अडीचशे शाळांत 'क्लास' नावाची संगणक-साक्षरता योजना सुरू केली, आणि त्यासाठी इंग्लंडमधील केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचे 'बीबीसी मायक्रो' हे संगणक निवडले. ज्या दिवसांत आपली मुले त्या यंत्रांच्या कळा भीत भीत दाबीत होती, त्याच दिवसांत त्याच कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे दोन तज्ज्ञ एक नवा प्रोसेसर रेखाटीत होते. कंपनी लहान, पैसा बेताचा. चकती महागड्या सिरॅमिकच्या डबीत घालणे परवडण्यासारखे नव्हते. स्वस्त प्लॅस्टिकची डबीच वापरायची, तर आतील उष्णता एका वॅटच्या आत राहिली पाहिजे. त्यांनी काटकसर इतकी केली की, प्रत्यक्षात ती त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शावर आली. एप्रिल १९८५ मध्ये पहिली चकती हाती आली आणि चाचणीत तिने बिनचूक काम केले. वीज किती लागते ते मोजावयास गेले, तर मापक शून्य दाखवी. शोध घेता असे आढळले की, तिला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. इतर तारांतून पाझरून येणाऱ्या विजेवरच ती चालली होती. त्या चकतीचे नाव 'आर्म'. आज आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलमध्ये तिचेच वंशज आहेत, आणि २०२० पासून पंखा नसलेले काही वेगवान लॅपटॉपही त्याच कुळातले निघाले. गरिबीतून आलेल्या काटकसरीने एवढा मोठा वंशविस्तार केल्याची उदाहरणे यंत्रांच्या इतिहासात विरळाच.

श्रीमंतांचा मार्ग वेगळा होता. आयबीएम या कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह असे दाखवून दिले की, ट्रान्झिस्टर जसजसा लहान करावा तसतसा त्याला लागणारा विद्युद्दाबही कमी करता येतो. परिणामी तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर अधिक वेगाने चालविले तरी त्या जागेची उष्णता वाढत नाही. पुढची तीस वर्षे उद्योग या नियमाच्या पुण्याईवर जगला. पण मोह आवरला गेला नाही. वेग नियमाने परवानगी दिली त्याहूनही अधिक वाढविण्यात आला. १९९३ च्या पहिल्या पेंटियमची उष्णता पंधरा वॅटच्या आसपास होती. २००४ चा पेंटियम-४ शंभर वॅटच्या वर गेला. २००१ मध्येच इंटेलचे पॅट गेलसिंगर यांनी एका परिषदेत इशारा दिला होता की, हाच क्रम चालू राहिला तर चकतीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागील शक्ती अणुभट्टीच्या, मग अग्निबाणाच्या नळकांड्याच्या आणि अखेर सूर्यपृष्ठाच्या बरोबरीस जाईल. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले होते की, बंद असतानाही त्यांतून वीज गळू लागली, आणि विद्युद्दाब आणखी कमी करणे शक्य होईना. मे २००४ मध्ये इंटेलने आपला पुढचा अतिवेगवान प्रोसेसर रद्द केला आणि एका चकतीवर दोन मेंदू ठेवण्याचा मार्ग धरला. औताला अधिक बैल जोडण्याची युक्ती ती हीच. विसाव्या शतकाच्या अखेरीस दर दोन-तीन वर्षांनी दुप्पट होणारा घड्याळाचा वेग तेव्हापासून जवळपास थांबला तो थांबलाच. उष्णतेमुळे एका संपूर्ण उद्योगाला आपली दिशा बदलावी लागली, अशी ही घटना आहे. आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत तिचा उल्लेखही नसतो, याचे मला नवल वाटते.

या सगळ्यात खेड्यातल्या मुलाचा विचार कोणी केला होता का? एकदा केला होता, आणि तो आपल्या मराठी मुलखातही येऊन गेला. २००५ मध्ये अमेरिकेतील निकोलस नेग्रोपाँटी यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये तिला नकार दिला. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैरात या लहानशा गावातील एका शाळेत, जेथे मूठभर मुले एकाच शिक्षकाकडे शिकत, तेथे हे हिरवे-पांढरे यंत्र येऊन पोहोचले. 'एक्सओ' असे त्याचे नाव. त्यात पंखा नव्हता, फिरणारी हार्ड डिस्क नव्हती, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सारे तापणारे अवयव कळफलकाखाली न ठेवता पडद्याच्या पाठीमागे उभे बसविले होते. त्यामुळे उष्णता मांडीवर न येता मागच्या मोकळ्या हवेत निघून जाई, आणि गोधडीने झाकले जाईल असे छिद्रच खाली उरत नसे. उन्हात वाचता येईल असा पडदा मेरी लू जेप्सन यांनी त्यासाठी तयार केला होता. ही योजना अनेक अर्थांनी फसली. किंमत शंभर डॉलरवर कधी आलीच नाही, आणि यंत्र दिले म्हणजे शिक्षण दिले असे नसते हा धडा अनेक देशांनी महागात घेतला. परंतु ज्या हवेत यंत्र चालणार त्या हवेचा विचार आधी करायचा, ही त्यांची दृष्टी मला आजही बिनतोड वाटते. बाजाराने ती उचलली नाही. बाजाराला दुकानाच्या थंड हवेत बारीक आणि देखणे दिसणारे यंत्र हवे होते.

आता आपल्या मुलीच्या यंत्राकडे येतो. साधारण लॅपटॉपच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की, हे यंत्र ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत वापरावे. आपल्याकडे एप्रिलच्या मध्यापासून जून लागेपर्यंत ही अट दुपारी रोज मोडली जाते, आणि पत्र्याच्या छपराखाली तर सकाळी दहालाच मोडते. याचा परिणाम किती होतो हे न्यूटनच्या काळापासून माहीत असलेल्या नियमाने ताडता येते. वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानांत जितके अंतर, तितकी उष्णता बाहेर जाते. प्रोसेसरची सहनशक्ती सुमारे १०० अंश धरली तर २५ अंशांच्या खोलीत हे अंतर ७५ अंशांचे असते. ४५ अंशांच्या खोलीत ते ५५ उरते. म्हणजे जे यंत्र थंड खोलीत ३० वॅट उष्णता बाहेर टाकू शकत होते, तेच येथे २२ वॅट टाकील. उरलेल्या आठ वॅटचे काय करावयाचे? प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. मुलीला वाटते यंत्र मंद झाले. वस्तुतः ते जीव वाचवीत असते. तेवढ्यानेही भागले नाही तर ते बंद होते, एनिअ‍ॅकची कपाटे होत तसेच.

प्रोसेसरची चकती नखाएवढी. तिच्या एका चौरस सेंटिमीटरमधून निघणारी उष्णता कपड्यांच्या इस्तरीच्या तेवढ्याच जागेतून निघणाऱ्या उष्णतेच्या कित्येक पट असू शकते. ती तेथून उचलून कडेच्या पंख्यापर्यंत नेण्याचे काम तांब्याची एक चपटी नळी करते; तिला हीट पाईप म्हणतात. तिच्या आत थोडेसे पाणी आणि सच्छिद्र अस्तर असते, बाकी हवा काढून टाकलेली. तापलेल्या टोकाला पाण्याची वाफ होते, थंड टोकाला ती पुन्हा पाणी होते, आणि अस्तर त्या पाण्याला दिव्याच्या वातीप्रमाणे परत ओढून आणते. आपला माठ हेच करतो; फरक इतकाच की, माठाची वाफ हवेत निघून जाते आणि माठ पुन्हा भरावा लागतो. अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ही नळी अवकाशातील उपकरणांसाठी सिद्ध केली, आणि १९९० च्या दशकात ती लॅपटॉपमध्ये आली. या जिल्ह्यातल्या श्रोत्यांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. उष्णतेचे वहन करण्यात तांबे अ‍ॅल्युमिनियमच्या दीडपटीहून सरस आहे, आणि ते तांबे आपल्याच बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडच्या खाणीतून निघते. लॅपटॉपच्या कित्येक बॅटऱ्यांत लिथियमबरोबर मँगनीजही असते. तेही भरवेलीच्या खाणीत आपलेच लोक खणतात. जमिनीतून काढलेल्या या वस्तू जगभर फिरून आल्या आणि उन्हाळ्यात आपल्याच मुलीच्या मांडीवर तापल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

मांडीवरून आठवले. लॅपटॉप हे नाव मांडीवरून पडले असले तरी ते यंत्र मांडीवर ठेवू नये. काश्मीरमध्ये थंडीत फेरणाखाली कांगडी धरणाऱ्यांच्या पोटा-मांड्यांवर जाळीदार तांबूस-काळे डाग पडतात, हे डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होते. २००४ पासून तसेच डाग लॅपटॉप मांडीवर घेऊन बसणाऱ्यांच्या कातडीवर आढळल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात येऊ लागल्या. कांगडीत निखारे असतात हे काश्मिरी माणूस जाणतो. आपल्याला या डब्यातले निखारे दिसत नाहीत.

बॅटरीविषयी दोन शब्द. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिच्या जनकांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिला उष्णता मुळीच मानवत नाही. ४५ अंशांवर ती चार्ज करू नये असे निर्माते सांगतात. पण वीज जाण्याच्या भीतीने आपण ती भर दुपारी काठोकाठ भरून ठेवतो. तापलेली आणि पूर्ण भरलेली, या अवस्थेत ती सर्वांत लवकर म्हातारी होते, कधी फुगते. फुगलेली बॅटरी दाबून पुन्हा झाकण लावणारे महाभाग मी पाहिले आहेत. तिच्याशी असा खेळ करू नये, ती काढून टाकावी.

कूलर हा विदर्भ आणि त्याच्या शेजारच्या आपल्या मुलखाचा उन्हाळ्यातला कुलदेव. त्याचा यंत्राला उपयोग होतो काय? होतो, आणि चांगला होतो. कोरड्या मे महिन्यात चांगला कूलर हवा दहा-पंधरा अंशांनी उतरवू शकतो, आणि मघाच्या आठ वॅटपैकी बरेचसे त्यात परत मिळून जातात. मात्र यंत्र त्याच्या थेट झोतात ठेवू नये. पाण्याचे तुषार आणि त्यांतील क्षार यंत्रात जातात. आणि एकदा मृग लागला, हवा दमट झाली, की कूलर नुसता ओलावा वाढवितो. उष्णता इलेक्ट्रॉनिक यंत्रांची मती कशी गुंग करते याचे एक उदाहरण अलीकडचेच आहे. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदविले. वृत्तपत्रांनी ते छापले, लोक हवालदिल झाले. मग हवामान खात्याने तपास करून त्या संवेदकाचे मोजमाप चुकीचे असल्याचे सांगितले. गुरुजींचा पाऱ्याचा तापमापक तेथे असता तर असे झाले नसते, असे त्या दिवशी माझ्या मनात येऊन गेले. असो.

आपल्या बावलीविषयी स्थानिक परंपरा असे सांगते की, ती गोंड राजा हटेसिंह वलके याने बांधविली आणि उन्हाळ्यात सैनिक तेथे विसावत. राजाची आणि सैनिकांची कथा परंपरेकडे सोपवून आपण नुसत्या बांधणीकडे पाहिले तरी पुष्कळ कळते. जमिनीच्या काही पुरुष खाली वैशाख आणि पौष यांत फारसा फरक राहत नाही. वर्षभराच्या तापमानाची जी सरासरी, तेवढीच तेथील माती असते, म्हणजे आपल्या भागात साधारण सव्वीस-सत्तावीस अंश. दगडी भिंती ती शीतलता हवेला देतात, पाण्यावरून उठणारी वाफ आणखी थोडी उष्णता घेऊन जाते, आणि खांबांच्या ओसऱ्या ऊन आत येऊ देत नाहीत. गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर हे होते: उष्णता मातीत गेली, पाण्यात गेली, आणि वाफेबरोबर वर निघून गेली. ज्यांनी ही बांधणी केली त्यांनी आधी येथील ऊन पाहिले, मग दगड रचले.

तर त्या मुलीचे यंत्र मी येथे आलो तेव्हा मागवून घेतले. बॅटरी सोडवून, तळाचे दहा-बारा बारीक स्क्रू काढून, झाकण उचलले. पंख्याच्या पुढे तांब्याच्या बारीक पात्यांवर राखाडी रंगाची घट्ट गादी जमली होती. कापसाचे तंतू, चुलीचा धूर, आणि मळणीच्या दिवसांतला धानाचा भुसा, जो आपल्या घरांत कार्तिक-मार्गशीर्षात कोठे म्हणून जात नाही? ती गादी एका तुकड्यात निघाली, अगदी नमद्याच्या कापडासारखी. पंख्याची पाती काडीने अडवून धरून ब्रशने आणि हवेच्या पंपाने बाकीची धूळ काढली. पाती मोकळी सोडून हवा मारली तर पंखा भलत्या वेगाने फिरून बिघडू शकतो. प्रोसेसरवरचा थर्मल पेस्टचा लेप सुकून खडूसारखा झाला होता. तो स्पिरिटने पुसून तांदळाच्या दोन दाण्यांएवढा नवा लेप लावला. लेपाची नळी दोनशे रुपयांच्या आतली. बोर्ड ठणठणीत होता.

त्या वर्षीच्या प्रवेशाची मुदत अर्थातच परत आली नाही. तिने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला. आता तिने यंत्राची जागा बदलली आहे. पत्र्याची खोली सोडून ते कौलारू ओसरीच्या उत्तरेकडील कोपऱ्यात असते, पाटावर, आणि मागच्या दोन पायांखाली तिने सुपारीएवढ्या लाकडी चकत्या ठेवल्या आहेत, म्हणजे खालून वारा खेळतो. मे महिन्यात ती पहाटे पाचला बसते. साडेदहाला यंत्र बंद करते, चार्जरची पिन काढते आणि पाच वाजेपर्यंत त्याला हात लावत नाही. दर दिवाळीच्या सफाईत आणि मळणी संपल्यावर, असे वर्षातून दोनदा, ते स्वतः उघडून साफ करते. गेल्या महिन्यात तिच्या वर्गातील तीन मुली आपापली यंत्रे घेऊन तिच्या ओसरीवर आल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या यंत्राचाही 'बोर्ड गेला' होता.